मागच्या आसाचा माणूस

दुपारी जेवून वेंकोबा गार फरशीवर आडवा झाला की त्याला नेहमी एकच स्वप्न पडायचं. वर काचेचा रस्ता आहे, त्याखाली तो उताणा पडलाय, आणि रस्त्यावरून एक छोटी गाडी अगदी सावकाश चाललीय. आवाज म्हणून नाही. काचेतून गाडीचं पोट दिसतंय. पुढून मागे गेलेला लांब पोलादी दांडा, शाफ्ट, फिरतोय. शाफ्ट मागच्या आसाला फिरवतो, आस मागच्या चाकांना. पुढची चाकं ओढतात, मागची ढकलतात. चारही चाकं कामाला लागलेली, एकही आयतं बसलेलं नाही. बघता बघता डोळे भरून यायचे आणि जाग यायची.

"आलात का खालून वर?" राजसबाई विचारायची. ही त्याची बायको. चाळीस वर्षांच्या संसारात तिला त्याची सगळी स्वप्नं पाठ झाली होती, आणि स्वप्नं एकूण एकच असल्यामुळे ते अवघडही नव्हतं.

"आज शाफ्ट जरा हळू फिरत होता," वेंकोबा म्हणायचा.

"मग कॉफी घ्या, म्हणजे जोरात फिरेल."

वेंकोबा तंजावरचा. घराण्यात सगळे कारकून, शिक्षक, एखादा वकील. मराठी घरीच बोलायची, बाहेर तमिळ, आणि हातात लेखणी सोडून काही धरायचं नाही, असा रिवाज. वेंकोबाने अठराव्या वर्षी पाना धरला. गिंडीच्या आयटीआयमधून फिटर होऊन तो घरी गेला तेव्हा त्याच्या आत्याने त्याची नखं बघितली आणि पाण्याचा पेला हातात न देता खाली ठेवला. तो पेला वेंकोबाने उचलला नाही. तहानलेलाच परत मद्रासला आला, तो कायमचा.

अंबत्तूरच्या एका कारखान्यात त्याने चौतीस वर्षं काढली. जीप आणि लहान ट्रक तिथे बनायचे. इंजिनाचं खातं वेगळं, गिअरचं वेगळं, टायरची शेड तर दुसऱ्या टोकाला. वेंकोबा मागच्या आसाच्या खात्यात. मागच्या आसाच्या पोटात एक मोठं दातेरी चाक असतं आणि त्याला काटकोनात भिडणारं एक लहान. दोघांच्या दातांमध्ये केसाएवढी मोकळीक ठेवावी लागते. जास्त झाली तर आस खडखडतो, कमी झाली तर रडतो. ती मोकळीक साधायला कागदासारख्या पातळ कड्या घालायच्या, त्यांना शिम म्हणतात. मग दातांना निळा रंग लावून चाक फिरवायचं. दात दाताला कुठे भिडला त्याचा ठसा उमटतो. ठसा दाताच्या मधोमध आला तर काम झालं. टोकाला आला तर सगळं उकलायचं, शिम बदलायची, पुन्हा निळा रंग.

एका पाळीत अकरा आस करावे लागत. वेंकोबा दहा करायचा. दर महिन्याला त्याला त्यावरून बोलणी बसायची. पण त्याने बसवलेला आस कधी परत आला नाही, अकरा करणाऱ्यांचे यायचे. परत आलेला आस उघडून पुन्हा बसवायला दीड पाळी जाते. हा हिशोब वरच्या लोकांना चौतीस वर्षांत कळला नाही आणि वेंकोबाने तो समजावण्यात वेळ घालवला नाही.

त्याला एकच खंत होती. त्याचे आस घेऊन गेलेल्या गाड्या कुठे कुठे चढल्या, उतरल्या, चिखलातून निघाल्या. त्याने त्यातलं काही बघितलं नव्हतं. कारखान्याच्या फाटकातून गाडी बाहेर पडायची आणि डावीकडे वळायची, तेवढंच.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तेव्हा सुधींद्र आला.

सुधींद्रही तंजावरच्या मराठी घरातलाच. तो कारखान्यात नवखा इंजिनियर म्हणून लागला होता तेव्हा वेंकोबाने त्याच्याकडून एकच आस तीनदा उकलून घेतला होता. आता तो चाळिशीला आलेला, नोकरी सोडून एक्काडुथांगलला पत्र्याची शेड घेऊन बसलेला. हाताखाली चार माणसं. दारात चपला काढून तो आत आला, राजसबाईच्या पाया पडला आणि म्हणाला, "मामा, एक मागचा आस बसवायचाय."

"कशाचा?"

"छोट्या गाडीचा. पाच दारांची, साधी. आपल्या रस्त्यावर रोज दिसते तसली."

"तिला मागचा आस कुठाय? तिची मागची चाकं नुसती घरंगळतात."

"तेच तर. आता घरंगळू द्यायची नाहीत."

वेंकोबाने कॉफीचा टंबलर खाली ठेवला. आपलं स्वप्न कुणी चपला काढून घरात आणून ठेवेल असं त्याला वाटलं नव्हतं.

सुधींद्रने फोनवर फोटो दाखवले. बर्फाच्या देशांत अशा लहान गाड्या असतात. म्हाताऱ्या बायका त्यातून पाव आणायला जातात, चारही चाकांवर, गल्लीतल्या बर्फातून. आपल्याकडे मात्र चारही चाकं ओढणारी गाडी म्हणजे मोठी, पैसेवाल्याची. "कोल्ली डोंगरावरच्या नर्सला जीप परवडत नाही, मामा. घेणंही नाही, पोसणंही नाही. आणि साधी गाडी पावसाळ्यात वाडीपर्यंत चढत नाही. शेवटचे चार किलोमीटर ती चालत जाते. औषधाचा डबा डोक्यावर."

"सेरी, ठीक आहे," वेंकोबा म्हणाला. "उद्या येतो."

दुसऱ्या दिवसापासून दोन वर्षं तो रोज गेला. शेअर ऑटोने जायचं, डबा घेऊन. संध्याकाळी राजसबाई त्याचे हात केरोसीनने पुसायची आणि म्हणायची, "पुन्हा लग्न झाल्यासारखे दिसताय."

गाडी लहान होती आणि अडचण तीच होती. पोटात जागाच नाही. शाफ्ट जायचा त्या वाटेवर पेट्रोलची टाकी. सुधींद्रने टाकी बदलून घोड्याच्या खोगिरासारखी केली, दोन बाजूंना दोन पोटं, मधून शाफ्टला वाट. एका पोटातलं पेट्रोल दुसऱ्यात न्यायला छोटा पंप. सायलेन्सरची नळी वाकवून कडेला नेली. सगळ्याचं मिळून वजन वाढलं सत्तर किलो.

"म्हणजे मागच्या सीटवर एक माणूस कायमचा बसवल्यासारखं," सुधींद्र हिरमुसून म्हणाला.

"मला बसव. मी अठ्ठावन्नच आहे. बारा किलो वाचले तुझे."

मागचा आस वेंकोबाने एकट्याने बसवला. कारखान्यातल्या आसाच्या मानाने हा खेळणंच. मूठभर दातेरी चाक. पण मोकळीक तितकीच नाजूक. नऊ वेळा उकलला. दहाव्या वेळी निळा ठसा दाताच्या मधोमध आला, तांदळाच्या दाण्याएवढा, चारही बाजूंनी कोरा. त्याने तो कुणाला दाखवला नाही. अर्धा तास नुसता बघत बसला. मग झाकण लावलं.

एकाच गोष्टीवर त्याचा जीव बसत नव्हता. शाफ्टच्या मधोमध एक बंद डबा होता, गोल, पितळी पानदानाएवढा. तो बाहेरून विकत आणलेला. आत पातळ चकत्यांचा थर. एक चकती पुढच्या चाकांच्या बाजूची, एक मागच्या, पुन्हा एक पुढच्या, अशा. मध्ये घट्ट तेल. चारही चाकं सारखी फिरत असतील तोवर डबा काही करत नाही. पुढची चाकं घसरून जास्त फिरू लागली की चकत्या तेल घुसळतात, तेल जोर धरतं आणि मागच्या चाकांना हाक मारतं. बटण नाही, कॉम्प्युटर नाही. म्हणूनच स्वस्त.

"घरातली दोघं नीट वागतायत तोवर गप्प बसणारी म्हातारी," वेंकोबा म्हणाला. "पण हिचं तोंड उघडून बघता येत नाही."

"सीलबंद असते, मामा. उघडली की मेली."

"ज्यात निळा रंग लावता येत नाही त्याच्यावर मी सही करत नाही."

"त्यावर मी करतो."

कोल्ली डोंगरावर एका ट्रस्टचा दवाखाना होता. तिथल्या मुख्य डॉक्टर रंजनी. त्यांना नर्सेससाठी पाच गाड्या हव्या होत्या. गाडी वाळूत चढवून दाखवा, पटली तर पाच घेऊ, असा निरोप आला. दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस ठरला. सुधींद्रने शेडमधल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं, "पाच मिळाल्या तर शेड चालेल. नाही मिळाल्या तर मी दिवाळीनंतर नोकरी धरतो, आणि ही एक गाडी सुटी करून सामान विकतो." वेंकोबाने मान हलवली. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. ठसा बसलेला आस भंगारात जाताना त्याने पूर्वी पाहिला होता. आवाज असा येतो की तो कानातून निघत नाही.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी शेड धुतली. पान्यांना चंदन लावलं, लेथला हार घातला. वेंकोबाच्या कारखान्यात रीत होती, पहिल्या प्रवासाला निघणाऱ्या गाडीच्या अंगावर पूजेला काहीतरी नवं हवं. मग ते साधं पुसायचं फडकं का असेना. इथे नवं काय घालायचं? आठ महिने वाळूची पोती लादून गाडी फिरवली होती. टायर घासले होते. सुधींद्रने दुकानात विचारलं. त्या मापाचे दोनच होते, बाकीचे सुट्टीनंतर.

"दोन आण," वेंकोबा म्हणाला. "पुढे घाल. मागचे अजून वर्षभर जातील. चांगली वस्तू फेकायची कशाला?"

मद्रासच्या कुठल्याही गॅरेजात हेच सांगतील. नवे टायर पुढे, जुने मागे. सुधींद्र तेव्हा फोनवर होता, डॉक्टरबाईंना रस्ता समजावत. हाताने फोन झाकून तो म्हणाला, "सेरी मामा."

पूजा झाली. कोहळा फुटला. चारही चाकांखाली लिंबं ठेवून गाडी पुढे घेतली, चारही लिंबं एकदमच फुटली. राजसबाईने मुरमुरे आणि हरभऱ्याचं सुंडल वाटलं आणि गाडीच्या दिव्यांवरून हात फिरवून कडकडा बोटं मोडली.

ठरल्या दिवशी पहाटे ते निघाले. पुढे सुधींद्र, मागे वेंकोबा, बरोबर आसाच्या वर. ईस्ट कोस्ट रोडला लागेपर्यंत उजाडलं. डावीकडे घरांच्या फटींतून समुद्र यायचा आणि जायचा, कुणी पडदा सारखा सरकवत असल्यासारखा. वेंकोबाने डोळे मिटले. खालून आसाचा आवाज येत होता. आवाज कसला, दूर कुठे बाई जात्यावर बसली असावी अशी घरघर. तिच्यावर तो तरंगत होता. नीलांकरै गेलं, मुट्टुकाडूचा पूल गेला. पाणी दोन्हीकडे पसरलेलं, त्यात होड्या, आणि होड्यांवर बगळे, कुणालाच कुठे जायचं नाही असे. मध्येच घरघर थोडी दाटली. जड झाली. उन्हाळी दुपारी बोलणाऱ्याची जीभ जड होते तशी. नवे टायर बोलत असतील, असं त्याला वाटलं. कसलासा वासही आला. मासळी वाळत असेल. त्याने डोळे उघडले नाहीत.

तिथे डोळे उघडायला हवे होते.

कोवळमच्या पुढे सुरूचं बन होतं, खासगी जागेतलं. बनाच्या टोकाला वाळूचा उंचवटा, दोन पुरुष उंच, भुसभुशीत. डॉक्टर रंजनी आधीच पोचल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सुती साडी, पायांत बूट. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "मीच चालवणार. चालेल?"

"चालवा," सुधींद्र म्हणाला. "मध्येच थांबवा, पुन्हा काढा. मुद्दाम."

त्यांनी तसंच केलं. गाडी वाळूत शिरली, अर्ध्यावर चढली, थांबली. इंजिन पुन्हा गुणगुणलं. आणि चारही चाकांनी वाळू मागे टाकली. चारही. वेंकोबा खाली उभा होता, त्याच्या तोंडावर, छातीवर ती वाळू आली, कोवळ्या उन्हात सोन्याच्या भुश्यासारखी. त्याने ती पुसली नाही. चौतीस वर्षं फाटकापर्यंतच पोचलेली नजर आज फाटकाबाहेर गेली होती. गाडी वर पोचली आणि आकाशाला टेकून उभी राहिली. पाठीमागे समुद्र. बाईंनी काचेतून हात बाहेर काढून हलवला. सुधींद्र लहान पोरासारखा ओरडला.

वेंकोबाही हसत होता. मग हसता हसता त्याला काहीतरी खुपलं.

वाळू चारही चाकांनी एकदमच टाकली होती. एकदम कशी? आधी पुढची चाकं घसरायला हवीत, अर्धा फेरा तरी. मग तेल जोर धरणार, मग मागची जागी होणार. आठ महिने त्याने हेच पाहिलं होतं, पुढची घसरतात, एक श्वास जातो, मागची उठतात. आज तो श्वास आलाच नाही. मागची चाकं झोपेतून उठली नाहीत. ती जागीच होती.

बाई गाडी खाली घेऊन आल्या. बनातल्या डांबरी वाटेवर त्यांनी पूर्ण वळण घेतलं. गाडीने दोन बारीक उड्या घेतल्या आणि मागचा टायर डांबरावर खरखरला.

"वाळू अडकली वाटतं," बाई हसत उतरल्या. "सुंदर आहे हो गाडी. आमच्या मुली रडतील आनंदाने. पाचचा कागद आणलाय मी, इथेच सही करते."

वेंकोबा गुडघ्यांवर बसला, मग उताणा होऊन गाडीखाली गेला. बाटलीतलं पाणी बोटांवर घेऊन डब्यावर शिंपडलं. चर्रकन आवाज आला आणि वाफ झाली. मासळीचा नव्हता तो वास.

तो बाहेर आला. खिशातून पोलादी पट्टी काढून पुढच्या टायरच्या खाचेत उभी केली. आठ मिलिमीटर. मागच्या टायरला लावली. तीन. तो तिथेच उकिडवा बसून राहिला.

सुधींद्र जवळ आला. त्याने पट्टी बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. तो हळू आवाजात मराठीत बोलला, बाईंना कळू नये म्हणून. "मामा, नंतर बघू. सही होऊ दे. डबा बदलू, टायर बदलू, दहा दिवसांचं काम. त्यांना जाणाऱ्या पाच गाड्यांत चारही टायर नवेच असणार. खोटं कुठाय यात?"

"त्यांनी जी बघितली ती गाडी मोडलेली आहे."

"पण चढली ना?"

"मोडली म्हणून चढली. नीट असती तर ही वाळू चढली असती का, ते त्यांनी बघितलं नाही. मीही नाही."

"मामा, शेड जाईल."

वेंकोबाने पट्टी पुसून खिशात ठेवली. सुरूच्या पानांतून वारा सूं सूं करत होता. शेड जाईल म्हणजे आस जाईल. नऊ वेळा उकललेला, दहाव्याला बसलेला. झाकणाच्या आत तो ठसा अजून तसाच असेल, निळा, तांदळाएवढा. गप्प बसायला फार काही लागत नव्हतं. नुसतं उभं राहायचं आणि कपड्यांवरची वाळू झटकायची.

"अकरावा आस मी कधी केला नाही, सुधींद्रा," तो म्हणाला आणि उठला.

"अम्मा, सही करू नका," तो बाईंना तमिळमध्ये म्हणाला. "गाडी बिघडली आहे. माझ्या चुकीने."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं होतं, ते हातातच राहिलं. "बिघडलेली गाडी एवढी चढते?"

"वाळूत चढते. डोंगरात मारेल."

मग त्याने सांगितलं, आणि कमीत कमी शब्दांत सांगितलं. पुढचे टायर नवे म्हणून मोठे, मागचे घासलेले म्हणून लहान. लहान चाकाला तेवढंच अंतर जायला जास्त फिरावं लागतं. किलोमीटरला दहा फेरे जास्त. शेडपासून इथवर छत्तीस किलोमीटर, साडेतीनशेच्या वर फेरे. तेवढा वेळ आतल्या चकत्या तेल घुसळत राहिल्या. तेल तापलं, फुगलं, चकत्या एकमेकींना चिकटल्या. आता पुढचा आणि मागचा आस एकच झालेत. "सरळ वाळूत त्याचा फायदाच. पण घाटात वळणावर पुढचं चाक एका वाटेने जातं, मागचं दुसऱ्या. दोघांना बांधून टाकलं तर गाडी वळायला नको म्हणते. आता उड्या मारल्या तशी. ओल्या रस्त्यावर ती सरळ जाईल. तुमची नर्स वळेल, गाडी वळणार नाही."

बाई गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. "थंड झाल्यावर सुटतील ना चकत्या?"

"सुटतीलही. पण नासलेलं दूध थंड झालं म्हणून पुन्हा दूध होत नाही."

"टायर कुणी घातले?"

"घाला असं मी म्हटलं. माझं सगळं आयुष्य आसात गेलं, अम्मा. शतांश मिलिमीटर मोजले. टायरची शेड दुसऱ्या टोकाला होती. तिकडे मी कधी गेलोच नाही."

"मी गेलो होतो," सुधींद्र मागून म्हणाला. "चारही टायर सारखे हवेत, हे माझ्याच आराखड्यात लिहिलंय. मामांनी विचारलं तेव्हा मी फोनवर सेरी म्हटलं. तुमच्याशीच बोलत होतो."

"म्हणजे चूक माझीही," बाई कोरडेपणाने म्हणाल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

गाडी तशीच परत नेणं शक्य नव्हतं. डबा निवेपर्यंत थांबायचं आणि शाफ्ट काढून टाकायचा, म्हणजे ती साध्या गाडीसारखी पुढच्या दोन चाकांवर जाईल. तिघं सुरूच्या सावलीत बसले. बाईंची जीप उभी होती, पण त्या गेल्या नाहीत. एक कोळीण शहाळी घेऊन आली. लाटा मोजल्यासारख्या येत होत्या. ऊन पानांतून गळून गाडीच्या टपावर हलत होतं, आणि वेंकोबाला वाटलं, आपण हे सगळं खालून, काचेतून बघतोय. सगळं बुडालं होतं आणि तरी त्याला शांत झोप येत होती. पाळीचं काम अपुरं राहिलं तरी केलेलं काम पक्कं असलं की यायची, तशी.

तासाभराने तो गाडीखाली गेला. पुढचे चार बोल्ट, मागचे चार, मधल्या बेअरिंगचे दोन. सुधींद्र म्हणाला, "मी काढतो, तुम्ही सहासष्टचे आहात."

"वयाचे बोल्ट नाहीत हे. पाना दे, चौदाचा."

आठवा बोल्ट अडला. वेंकोबाने घाई केली नाही. पाना बसवला, श्वास घेतला, खांदा लावला. बोल्ट कुरकुरला आणि आला. मान वळवली तर शेजारी डॉक्टर रंजनी, साडीचा पदर खोचून, वाळूत कोपर टेकून खाली डोकावत होत्या.

"तुम्ही बसवलेलं कुठलं?"

त्याने मागच्या आसावर हात ठेवला. "हे."

"हे बिघडलंय?"

"नाही," वेंकोबा म्हणाला. दोन वर्षांत तो पहिल्यांदाच बढाई मारत होता. "हे तुमच्या माझ्या मागे राहील."

बाई उठल्या, हात झटकले. "नीट करायला किती दिवस?"

"डबा यायला दहा, बसवायला दोन, चालवून बघायला एक."

"तेराव्या दिवशी येते."

"तेरावा नको, अम्मा," वेंकोबा गाडीखालून म्हणाला. "चौदावा म्हणा. गाडी अजून जिवंत आहे."

त्या हसल्या, पहिल्यांदाच मोकळ्या. मग म्हणाल्या, "पण पाच नाही. एक घेईन. एक पावसाळा ती मी स्वतः चालवेन. तेव्हाही उड्या मारल्या नाहीत, तर बाकीच्या चारांचं बोलू."

एकीवर शेड चालणार नव्हती, हे सुधींद्रलाही कळलं. परतताना गाडी तोच चालवत होता. काढलेला शाफ्ट मागच्या सीटवर आडवा होता, त्याचं टोक वेंकोबाच्या मांडीवर. थिरुवान्मियूरला सिग्नलवर सुधींद्र म्हणाला, "नोकरी धरतो, मामा. पावसाळा संपेपर्यंत. शेडचं भाडं पगारातून. तुम्ही किल्ली ठेवा."

"सकाळी आठला उघडेन," वेंकोबा म्हणाला.

चौदाव्या दिवशी शेड उघडायच्या आधीच डॉक्टर रंजनी बसने आल्या आणि दारात सुधींद्रकडून गाडी घेऊन निघाल्या. चारही टायर नवे, एकाच खोक्यातून निघाल्यासारखे. वेंकोबा त्यांच्या अर्धा तास आधी निघाला होता, पायी. कत्तिपाराला पुलाचा मोठा गोल वळसा आहे. त्या वळशावरून येणारी गाडी खालून नीट दिसते. तिथे पुलाच्या सावलीत तो उभा राहिला.

गाडी आली. वळशाला लागली. वेंकोबाने कान दिला. ट्रक, बस, ऑटो, सगळ्यांच्या गोंगाटातून तो एकच आवाज शोधत होता, डांबरावर टायर खरखरल्याचा. वळसा लांब होता. गाडी पूर्ण फिरली, अंग न झाडता, पाण्यावर पान फिरतं तशी, आणि सेलमच्या, डोंगराकडच्या रस्त्याला लागली.

काही ऐकू आलं नाही. त्याने आणखी थोडा वेळ ऐकलं, आणि मग शेड उघडायला गेला.